बर्फातली मासळी शिळीच का?

चारुता_क
मुंबईच्या मासळीबाजारात एकाच रांगेत दोन तऱ्हा दिसतात. एका मावशींकडे मासळी बर्फाच्या चुऱ्यात अर्धी गाडलेली. शेजारच्या मावशींकडे तीच मासळी पाटीत उघडी, वर पाण्याचा हबका मारलेला आणि "आत्ताच उतरलंय, बर्फ नाय लागलेला" असा पुकारा. गर्दी अर्थातच दुसरीकडे.

सासूबाईंचं मत ठाम आहे की बर्फ लागला म्हणजे मासळी शिळी. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतकं मला कळतही नाही. माहेरी आम्ही फक्त गोड्या पाण्यातले मासे खाणारे. तर जाणकारांनी सांगा, यातली कुठली घ्यायची? आणि मासळी टिकवायला फॉर्मालीन नावाचं रसायन लावतात म्हणे, ते प्रकरण आपल्याकडे खरंच आहे की नुसती व्हॉट्सॅपची भीती?

तळणीतली_मांदेली
सासूबाईंचं बरोबर आहे. मासळीपुरतं नव्हे, एकंदरीतच. घरात शांतता राहते.

गजालीकर
आमच्या मालवणात रापणीचो मासो वाळयेत उड्या मारता तेव्हाच आमी घेतंव. तेका बर्फ कित्याक व्हयो?

मुंबैकरांसाठी प्रमाण भाषेत सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. सकाळी ओढली की मासा तासाभरात घरी आणि दुपारी ताटात. त्या चवीपुढे बर्फातली सुरमई म्हणजे ओला पुठ्ठा. सासूबाईंना माझा पाठिंबा.

चारुता_क
@गजालीकर, रापण अंधेरीत कुठे ओढतात ते कळवा, येते.

वाट्यात_वाटा
हसून हसून पुरेवाट!

थंड_डोक्याचा
माझं शिक्षण मत्स्यप्रक्रियेतलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मासा मेला की बिघडायला सुरुवात होते. ते थांबवता येत नाही, हळू करता येतं. किती हळू, ते तापमानावर ठरतं. शून्य अंशाला मासळी ज्या वेगाने बिघडते, त्याच्या साधारण सव्वादोन पट वेगाने ५ अंशाला, चौपट वेगाने १० अंशाला आणि तीस अंशाच्या आसपास १५-१६ पट वेगाने बिघडते. माशागणिक आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज यायला एवढं पुरे. म्हणजे मुंबईच्या दमट हवेत पाटीत चार-पाच तास पडून राहिलेला मासा बर्फातल्या दोन-तीन दिवसांच्या माशाइतका उतरलेला असू शकतो. "आज पकडलेला" आणि "ताजा" हे एकच असेल असं नाही.

गजालीकरांचं रापणीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण तिथे पाणी ते तवा हे अंतरच इतकं कमी आहे की बर्फाची गरज पडत नाही. मुंबईत येणारी बरीचशी मासळी ट्रॉलरची असते. या बोटी कित्येक दिवस समुद्रात राहतात आणि पकड खणात बर्फात भरून आणतात. म्हणजे "बर्फ नाय लागलेला" म्हणून विकली जाणारी ट्रॉलरची सुरमई आठवडाभर बर्फातच होती, फक्त पाटीत येताना तिचा बर्फ काढला. ही सगळ्यात वाईट अवस्था. वय बर्फातलं आणि वर ऊन.

आगाऊ_खेकडा
शेवटचं वाक्य आमच्या साहेबांनाही लागू पडतं.

पाटीवालीची_लेक
माझी आई मासळी विकते, आजीही विकायची. पुकारा कुठून येतो ते मी सांगते.

गिऱ्हाईक पहिल्यांदा काय विचारतं? "बर्फाचं नाही ना?" आईने बर्फात ठेवलं की लोक नाक मुरडून पुढे जातात. म्हणून बरेच जण वर चार मासे उघडे मांडतात आणि बाकीचा माल मागे खोक्यात बर्फात ठेवतात. तुम्ही वरचा मासा बोटाने दाबता, उलटापालटा करता, कल्ले उघडता, परत ठेवता. असे वीस हात लागलेला, उन्हात बसलेला मासा तुम्ही "बिनबर्फाचा" म्हणून हौसेने घेऊन जाता आणि चांगला माल खोक्यात राहतो. आई ओळखीच्यांना गुपचूप खोक्यातलं देते.

तेव्हा चारुताताई, बर्फवाल्या मावशींकडे जा. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांना मावशी म्हणून हाक मारा, खोकं आपोआप उघडेल.

वाट्यात_वाटा
@पाटीवालीची_लेक, वाचनखूण साठवली. म्हणजे आपणच त्यांना बर्फ काढायला लावतो.

जुना_गिरगावकर
थोडा विरोध नोंदवतो. बर्फ चांगला, हे मान्य. पण कसला बर्फ? लादी फरशीवरून ओढत आणतात, गोणपाटाखाली फोडतात आणि ते पाणी कुठलं हे देव जाणे. २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम केला होता. मासळीला लागणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. त्यानंतर बाजारात मला निळा बर्फ क्वचितच दिसला. याचा अर्थ सगळा बर्फ खाद्य झाला, असा घ्यायचा का?

थंड_डोक्याचा
रास्त शंका. बर्फ घाण असेल तर तो मासळीवर जंतू पसरवतो. दुसरी गोष्ट, बर्फ वितळून खाली साचलेलं पाणी वाहून गेलं पाहिजे. मासा त्या लालसर पाण्यात तरंगत असेल तर बर्फ असून उपयोग नाही. प्रमाणाचं म्हणाल तर आपल्या हवेत एक किलो मासळीला एक किलो बर्फ हा जुना हिशोब. वरून भुरभुरवलेला मूठभर चुरा शोभेचा. चुरा मात्र बारीक हवा, मोठे टोकदार तुकडे मासळीला घासतात आणि कातडी फाटते.

मीठ_तिखट_हळद
मूळ प्रश्न राहिला बाजूला. ओळखायचं कसं ते सांगा ना कुणीतरी! मी कायम कल्ले बघते. लाल असले की घेते.

पाटीवालीची_लेक
कल्ले बघायचेच, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. बर्फाच्या पाण्यात राहिले की चांगल्या माशाचेही कल्ले फिकट पडतात. तिथे वासच खरा. नाक जवळ न्यायला लाजू नका. ताज्या माशाला समुद्राचा, शेवाळासारखा वास असतो. आंबूस किंवा उग्र वास आला की पुढे चला. डोळा फुगीर आणि काचेसारखा हवा, आत बसलेला नको. पोटावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये.

आणि मासा काठीसारखा ताठ असेल, डोक्याकडून धरल्यावर शेपटी खाली लोंबत नसेल, तर डोळे झाकून घ्या. मेल्यावर काही तास तो ताठरपणा असतो, मग सुटतो. बर्फात लगेच घातलेल्या माशाचा ताठरपणा जास्त टिकतो. हा आणखी एक मुद्दा बर्फाच्या बाजूने. सासूबाईंना सांगा.

गजालीकर
पापलेटाची परीक्षा सांगायची राहिली. कल्ल्याजवळ दाबायचं, पांढरं पाणी आलं तर ताजं, लाल आलं तर ठेवून द्यायचं.

पाटीवालीची_लेक
हो, आणि प्रत्येक गिऱ्हाईक तसं दाबतं, म्हणून संध्याकाळपर्यंत पापलेट कल्ल्याजवळच नरम होतं. दाबायचं असेल तर घ्यायचंच आहे असं ठरवून दाबा!

मीठ_तिखट_हळद
कोळंबीचं काय? डोकी काळी दिसली की मी घेत नाही.

थंड_डोक्याचा
काळं डोकं म्हणजे सडलेली कोळंबी, असं नसतं. कापलेलं वांगं हवेत काळं पडतं तसाच प्रकार आहे. कोळंबीच्या अंगातल्या विकरामुळे हवा लागली की डोक्यापासून काळेपणा चढतो. चव बिघडलेली असेलच असं नाही, पण वेळ गेलाय एवढं त्यावरून नक्की कळतं. उलट, बऱ्याच वेळापासून पडलेली कोळंबी कुठेही काळी नसेल, तर कधी कधी ती सल्फाइटच्या पाण्यात बुडवलेली असते. हा पदार्थ ठरावीक मर्यादेत वापरायला परवानगी आहे, पण दमेकऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट चिकटलेलं आहे का, ते बघा. लोंबत असेल तर नको.

उगाच_शहाणा
एक अनुभव. एका बाजारातून दुपारी उशिरा बांगडे घेतले होते. स्वस्तात मिळाले म्हणून खूश होतो. जेवल्यावर तासाभरात चेहरा आणि मान लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, अंगावर गांधी. मासळीची ॲलर्जी आली, आता आयुष्य संपलं असंच वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, "बरोबरच्यांनाही झालं का?" बायकोलाही थोडं झालं होतं. ते म्हणाले, मग ॲलर्जी नसावी, मासळी नीट ठेवलेली नसेल. त्यानंतर बांगडे सुखरूप खाल्ले आहेत. पण एक कळलं नाही, चांगले कडक तळले होते, मग काय वाचलं त्यात?

थंड_डोक्याचा
डॉक्टरांनी अचूक विचारलं. बांगडा, कुपा, तारली, पेडवे अशा काळसर मांसाच्या माशांत हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामीन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे द्रव्य सोडतं तेच इथे ताटातून आलं, म्हणून लक्षणं तशीच. हिस्टामीन तळून, उकळून किंवा फ्रीझरमध्ये घालून जात नाही. एकदा तयार झालं की झालं. शिवाय दर वेळी वासावरून कळेलच असं नाही. म्हणून पापलेटापेक्षाही बांगड्याला बर्फ जास्त गरजेचा, आणि आपल्याकडे नेमके बांगडेच उन्हात ढिगाने पडलेले असतात, कारण ते स्वस्त.

तळणीतली_मांदेली
एवढ्या वर्षांच्या बांगडाप्रेमानंतर हे वाचायचं नशिबी होतं.

जुना_गिरगावकर
@तळणीतली_मांदेली, बांगडा सोडू नका, दुपारची खरेदी सोडा.

अर्धी_शाकाहारी
फॉर्मालीनबद्दल कुणीच बोललं नाही.

जुना_गिरगावकर
बोलतो. २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात हे प्रकरण पेटलं होतं. बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मालीन सापडल्याच्या बातम्या आल्या आणि गोवा सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. त्याच सुमारास केरळातही बाहेरून आलेल्या गाड्या अडवून मासळी जप्त केली होती. म्हणजे नुसती व्हॉट्सॅपची भीती नाही. मासळीत फॉर्मालीन घालायला परवानगीच नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखायची कागदी पट्टी तयार केली आहे. माशावर घासायची, वर औषधाचा थेंब टाकायचा, रंग बदलला की समजायचं.

अर्धी_शाकाहारी
मग अशी पट्टी घेऊन बाजारात जायचं का? मावशी कोयता घेऊन मागे लागतील.

थंड_डोक्याचा
लागतील, आणि बोंबलाच्या बाबतीत बरोबरही ठरतील. काही माशांच्या अंगात मेल्यावर आपोआप थोडं फॉर्माल्डिहाइड (फॉर्मालीन ज्याचं बनतं ते) तयार होतं आणि बोंबील त्यात पुढे आहे. कुणी काही घातलं नसतानाही चाचणीत ते दिसू शकतं. त्यामुळे घरच्या पट्टीवरून कुणाला चोर ठरवू नका.

माझं मत विचाराल तर जवळच्या बंदरावरून आलेल्या मासळीत हा धोका कमी. लांबचा प्रवास आणि बर्फाचा खर्च वाचवायचा मोह, या दोन गोष्टी एकत्र आल्या की हे उद्योग होतात. लक्षण म्हणाल तर मासा रबरासारखा कडक, डोळा मेलेला, मासळीचा वासच नाही आणि दिवसभर त्याच्यावर माशी बसत नाही. माशी बसते हे वाईटच, पण अजिबात बसत नाही हे त्याहून वाईट.

आगाऊ_खेकडा
म्हणजे माशांवर माशा हव्यात, पण मोजक्या. नोंद केली.

मीठ_तिखट_हळद
मोरी (मुशी, म्हणजे छोटा शार्क) घेतली की कधी कधी चक्क संडास धुवायच्या औषधासारखा वास येतो. तेही फॉर्मालीनच का?

पाटीवालीची_लेक
नाही ग, ती मोरीची जातच तशी. तिच्या अंगात युरिया असतो, पकडल्यावर लवकर काढून धुतली नाही की त्याचा अमोनिया होतो. वास मारत असेल तर शिळी समज. खूप लिंबू-चिंच लावून काही जण खपवतात, पण ताजी मोरी मुळात वास मारत नाही.

गजालीकर
मोरीचं नाव निघालं आणि मोरीचं मटण आठवलं. भूक लागली.

नोकरदार_मत्स्यप्रेमी
पावसाळ्याचा मुद्दा कुणी काढला नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. तरी जुलैत बाजारात "ताजी सुरमई" कुठून येते? मी एकदा विचारलं तर मावशी म्हणाल्या, "समुद्रातून." बरोबरच आहे म्हणा.

जुना_गिरगावकर
एक तर शीतगृहातून, नाहीतर पूर्व किनाऱ्याच्या समुद्रातून. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे आपल्या बोटी नांगरलेल्या असताना तिकडच्या निघतात. तो माल ट्रकने देश ओलांडून येतो. त्या दिवसांत मी खाडीची मासळी, चिंबोऱ्या (खेकडे), नाहीतर सुकं खातो. वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे हे आपल्या आज्यांनी त्याच दोन महिन्यांसाठी शोधून ठेवलं आहे.

पाटीवालीची_लेक
गोठवलेला मासा वितळवून विकतात तोही ओळखता येतो. डोळा पांढुरका, अंगावर चिकटपणा नाही, आणि कापल्यावर पाणी सुटत राहतं. मासा वाईट नसतो, पण घरी नेऊन परत फ्रीझरमध्ये टाकू नका. आई तरी विचारलं की सांगते गोठवलेला आहे म्हणून. विचारत कुणी नाही.

आणि जमल्यास बोटभर पापलेटं मागू नका. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं. किमान आकारही ठरवला आहे, १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पिल्लं धरायची नाहीत. पण गिऱ्हाईकच म्हणतं, "छोटी छोटी द्या, तळायला बरी." मग पुढच्या वर्षी मोठी येणार कुठून?

मीठ_तिखट_हळद
चिंबोऱ्या म्हटल्यावर आठवलं. अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, हे खरं का?

गजालीकर
खरं. आजोबांपासून चालत आलंय.

थंड_डोक्याचा
खेकडा पोकळ होतो तो कात टाकल्यावर. नवं कवच मोठं असतं आणि आत मांस भरायला वेळ लागतो. चंद्राकडे बघण्यापेक्षा खेकडा हातात घ्या. आकाराच्या मानाने जड हवा. पोटाकडचं किंवा पायाचं कवच दाबून बघा, लवलं तर पोकळ. आणि जिवंतच घ्या, मेलेला खेकडा फार लवकर बिघडतो.

गजालीकर
आजोबा दाबूनच घ्यायचे. अमावास्येला.

नोकरदार_मत्स्यप्रेमी
यावर स्वतंत्र धागा काढा, इथे शंभर प्रतिसाद होतील.

उगाच_शहाणा
ॲपवरून मागवणाऱ्यांचं काय मत? साफ करून, तुकडे करून, थंड पेटीतून घरी येतं.

थंड_डोक्याचा
थंड पेटीतून खरोखर थंड येत असेल तर उत्तम. पण तुकडे झालेल्या माशाचा डोळा नाही, कल्ला नाही, ताठरपणा नाही. तुम्ही पूर्णपणे विकणाऱ्याच्या शब्दावर. मला अख्खा मासा बघून मग कापून घेणं आवडतं.

कापून घेतल्यावरच आपली कसोटी सुरू होते, खरं तर. मावशी एकाच बादलीत सगळ्यांचे तुकडे बुचकळून देतात, तेवढं टाळा, घरी नळाखाली धुवा. पोटातली घाण बाजारातच काढून घ्या. बांगडा-तारलीचं पोट आतल्या पाचक रसांनीच फुटतं. आणि भाजी, किराणा, बँक सगळं उरकून शेवटी मासळी घ्या. लोक आधी मासळी घेतात आणि मग तासभर पिशवी गाडीच्या डिकीत.

वाट्यात_वाटा
डिकीचा उल्लेख वैयक्तिक घेतला आहे.

चारुता_क
बापरे, दोन दिवसांत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

आज बर्फवाल्या मावशींकडे गेले. सासूबाईंना बरोबर नेलं, मुद्दाम. मावशींनी खोक्यातून हलवा मासा काढला, काठीसारखा ताठ. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनीच शेपटी बघितली, कल्ला उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "हा बरा आहे." मी म्हटलं, "बर्फातला आहे." तर म्हणाल्या, "बर्फातला असला तरी मुळात ताजा होता." आता यावर काय वाद घालणार?

मावशींना मी बर्फ का ठेवता असं विचारलं. त्या म्हणाल्या, "तू पहिली विचारणारी. बाकीचे विचारतात बर्फ का लावला."

एक राहिलं. सोबत तिसऱ्याही (शिंपल्या) घेतल्या आहेत आणि रेती जात नाहीये. काय करू?

गजालीकर
मिठाच्या पाण्यात तासभर ठेव, आपणच सोडतात. तळाला थाळी उलटी घाल, म्हणजे सोडलेली रेती त्या परत ओढणार नाहीत.

पाटीवालीची_लेक
आणि उघड्या तोंडाच्या असतील त्यांना टिचकी मार. मिटली तर ठेव, नाही मिटली तर टाक. शिजवल्यावर ज्या उघडणार नाहीत त्याही टाक.

आगाऊ_खेकडा
टिचकी मारली, मिटली, पण माझं बोट आत राहिलं. पुढे काय?

तळणीतली_मांदेली
मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा.